परक्याची आई

अमेरिकेत लेकीकडे असताना शेजारच्या आजींना भेटायला मी वृद्धाश्रमात जाई. तिथे त्यांना संध्याकाळी पाचलाच अंथरुणात घालत. तक्रार केली तर आपलेच हाल होतील, ही धास्ती. मग ‘ऑम्बुड्समन’ बाई आल्या. १९७८च्या कायद्याने तिथे प्रत्येक राज्यात ही सोय आहे. कित्येक जण बिनपगारी. त्या ना संस्थेच्या, ना मुलांच्या. आजींच्या संमतीवाचून नावही सांगायच्या नाहीत. त्यांनी आधी विचारले, “तुम्हांला काय हवे?” आजींनी होकार दिल्यावरच व्यवस्थापकाला गाठले. पुंडलिकाने देवाला विटेवर थांबवले, ते स्वतःच्या आईबापांसाठी. ही तर परक्याची आई! पुढच्या आठवड्यात सातला गेलो, तर आजी खिडकीशी बसलेल्या. बाहेर अजून ऊन होते.