दोन किल्ल्या, एक जुडगा

आमच्या नांदेडच्या शाखेत वर्षातून एकदा इन्स्पेक्शन येतं. 'साहेब येऊ लागलेत!' अशी वर्दी शिपायाने दिली की सगळ्यांची पहिली धाव आग विझवायच्या लाल नळकांड्याकडे. एरवी ते मॅनेजरच्या केबिनचं दार उघडं राहावं म्हणून दाराला टेकवलेलं असतं. त्या दिवशी ते भिंतीवर चढतं. शेजारच्या लाल बादल्यांतली वाळूही बदलली जाते, कारण वर्षभरात त्या बादल्यांत आगीची एक ठिणगी पडलेली नसते, पण पानाच्या पिचकाऱ्या मोजण्यापलीकडे पडलेल्या असतात.

मग इन्स्पेक्टरसाहेब येतात, रजिस्टरं चाळतात, आणि ठरलेला प्रश्न विचारतात, "तिजोरीच्या किल्ल्या कुणाकडे?"

"एक मॅनेजरसाहेबांकडे, एक हेड कॅशियरकडे!" आम्ही शाळेतल्या पाढ्यांसारखं एका सुरात सांगतो.

बँकेचं सगळं तत्त्वज्ञान या उत्तरात आहे. माणसावर विश्वास ठेवायचा नाही असं नव्हे. एकट्या माणसावर विश्वास टाकायची वेळच येऊ द्यायची नाही. ज्याने व्हाउचर लिहिलं त्याने ते पास करायचं नाही. संगणक आल्यावर यालाच 'मेकर' आणि 'चेकर' म्हणू लागले, एवढाच फरक.

आता खरं सांगतो. मॅनेजरसाहेब मुलीसाठी स्थळ बघायला लातूरला गेले होते, तेव्हा दोन्ही किल्ल्या दोन दिवस एकाच जुडग्यात होत्या. जुडग्याला तिरुपतीचा बालाजी लटकवलेला होता, म्हणून आम्ही निर्धास्त. आणि पेन्शनच्या गर्दीत आमचे ऑफिसर म्हणतात, "तुम्हीच पास करून टाका हो, माझा पासवर्ड कॅलेंडरमागं लिहिलाय." मग मीच लिहितो आणि मीच तपासतो. आजवर मला माझी एकही चूक सापडलेली नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमचे साडू. ते बोईसरला रंगाच्या कारखान्यात आहेत. बोईसरच्या शेजारी तारापूर. तिथे १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. साडूंचा त्या केंद्राशी संबंध इतकाच की ते त्या बाजूला फिरायला जातात. पण अभिमान असा की पायाभरणीला पाटी यांनीच उचलली असावी.

२०२५ च्या दिवाळीत ते नांदेडला आले. फराळ चालू होता. मी सहज विचारलं, "तुम्हाला तिथे राहायची भीती नाही वाटत?"

"अहो, आमच्याकडे तपासणी केवढी कडक!" साडू म्हणाले. "वर्षातून साधारण दोनदा. वर परवाना एका वेळी फार तर पाच वर्षांचा. दर दहा वर्षांनी मुळापासून आढावा. तुमच्या बँकेसारखं नव्हे, चहा घेतला आणि सही केली!"

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहास-भूगोलात मला कुणीही हरवावं, पण ऑडिटचा विषय निघाला की माझ्या अंगात येतं. मी विचारलं, "तपासणारा माणूस कुणाचा?"

"अणुऊर्जा नियामक मंडळाचा. १९८३ साली स्थापन झालं."

"ते मंडळ कुणाला जाब देतं?"

"अणुऊर्जा आयोगाला."

"आयोगाचे अध्यक्ष कोण?"

"अणुऊर्जा खात्याचे सचिव."

"आणि वीज केंद्रं चालवणारी कंपनी कोणत्या खात्याची?"

साडूंनी चकली मोडली. "त्याच," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण माणसं प्रामाणिक आहेत हो!"

"आमचे हेड कॅशियरही प्रामाणिक आहेत," मी म्हणालो. "वर बालाजीही आहे."

ही शंका माझ्या एकट्याच्या सुपीक डोक्यातून निघालेली नाही. १९९३ ते १९९६ या काळात मंडळाचे अध्यक्ष असलेले डॉ. गोपालकृष्णन यांनी पद सोडल्यावर हेच जाहीरपणे सांगितलं. पुढे २०१२ साली देशाच्या महालेखापालांनी या मंडळाचंच ऑडिट केलं. वाङ्मयाचा हा एकच प्रकार मी आवडीने वाचतो. त्यांनीही लिहिलं की मंडळाला कायद्याने स्वतंत्र स्थान नाही. एक्स-रे यंत्रांवर देखरेख ठेवणं हेही याच मंडळाचं काम. तर देशातली सुमारे ९१ टक्के एक्स-रे यंत्रं मंडळाच्या दप्तरात नोंदलेलीच नव्हती. म्हणजे हा विषय तारापूरला संपत नाही, तो आपल्या पायाचं हाड मोडलं की आपल्याही गल्लीत येतो. आणि नियम मोडल्यास तेव्हा दंड किती होता? जास्तीत जास्त ५०० रुपये! चेक वटला नाही तर आम्ही गरीब खातेदाराचे जवळपास तेवढेच कापतो.

"कागदावर काही का असेना, आजवर झालंय का काही?" साडूंनी हुकमाचं पान टाकलं.

झालंय. उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची दोन पाती तुटली आणि आग लागली. ३१ मार्च! बँकेच्या माणसाला ही तारीख नुसती ऐकूनच घाम फुटतो. एक वीज गेली तर दुसरी हवी, म्हणून तिथेही पर्यायी व्यवस्था होती. पण मुख्य तारा आणि पर्यायी तारा बऱ्याच ठिकाणी शेजारी शेजारीच नेलेल्या. एकाच आगीत दोन्ही जळाल्या. दोन किल्ल्या, एक जुडगा. सुमारे १७ तास केंद्र अंधारात होतं. कर्मचारी हातात बॅटऱ्या घेऊन वर चढले, हातांनी झडपा उघडल्या, म्हणून निभावलं. किरणोत्सार बाहेर पडला नाही.

जपानात मात्र पडला. २०११ साली फुकुशिमाला त्सुनामी आली, तेव्हा बहुतेक पर्यायी जनरेटर आणि विजेचे फलक तळघरात किंवा खालच्या मजल्यावर होते. पाणी आलं आणि सगळे एकदमच बुडाले. तिथली तपासणी करणारी संस्थाही अणुवीज वाढवायला निघालेल्या मंत्रालयाच्याच पदराखाली होती. नंतर, २०१२ साली, त्यांनी ती वेगळी केली.

साडू गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. म्हणाले, "आम्हाला भीती विचारताय, आणि तुम्ही मूळचे कुठले? लातूरचे! किल्लारी विसरलात?"

विसरलो नाही. त्या वेळी मी शाळेत होतो. आदल्या दिवशी गणपती बोळवून आम्ही दमून झोपलो होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. फळीवरची भांडी सगळी एकदम खाली आली. आमच्यावर भांड्यांवरच निभावलं. आईची मावशी किल्लारीजवळच्या एका खेड्यात राहायची. १९९२ च्या ऑक्टोबरात त्या भागात धक्के बसले, तेव्हापासून ती सांगायची, "जमीन गुरगुरती रे रात्री." कित्येक महिने तिने बाज अंगणात टाकली. तपासणी तिने तिच्या परीने केली होती. मग बरेच दिवस काही झालं नाही, पावसाची झड लागली, आणि तिने बाज परत आत नेली. दगड-मातीच्या त्या भिंतींखाली दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यात तीही गेली.

सरकारी नकाशात आमचा भाग तेव्हा पहिल्या पट्ट्यात होता, म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याच्या. २००२ साली तो तिसऱ्या पट्ट्यात टाकला आणि पहिला पट्टा नकाशातून काढूनच टाकला. म्हणून कुणी 'आजवर झालंय का काही' म्हणालं की मला ती बाज दिसते.

हे मी साडूंना सांगितलं. मग दोघांनीही चिवडा न बोलता संपवला.

डिसेंबर २०२५ मध्ये साडूंचा फोन आला. आवाजात विजय होता. "वाचलंत का? संसदेनं नवा कायदा केला! नियामक मंडळाला आता कायद्याचं स्थान! मिळाली की नाही तुमची दुसरी किल्ली?"

मी मनापासून अभिनंदन केलं. याआधी २०११ साली असंच एक विधेयक आलं होतं, ते लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळलं. त्या मानाने हे मोठंच पाऊल. फक्त एवढंच म्हणालो, "किल्ली वेगळी झाली, आता खिसाही वेगळा राहतो का, तेवढं बघायचं."

फोन ठेवला आणि माझीच मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ऑफिसरांना म्हणालो, "साहेब, कॅलेंडरमागचा कागद काढा आणि पासवर्ड बदला."

ते दुखावले. "का? माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. माझ्यावर नाही."

त्यांनी बदलला. त्या दिवशी पेन्शनची रांग दारापर्यंत गेली, आणि एका आजोबांनी माझ्या सात पिढ्यांची तपासणी केली. पण संध्याकाळी ऑफिसरांनी माझ्या कामात तीन चुका काढल्या. नोकरीत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

लाल नळकांडं मात्र पुन्हा दाराशी जाऊन बसलंय. उद्या सकाळी जाऊन आधी ते भिंतीवर टांगणार आहे. दाराला वीट लावू.