शब्दांची जात आणि शब्दांचे काम

पेडणे-डिचोलीच्या मराठी शाळेतले मूल पाचवीत इंग्रजी माध्यमात जाते आणि ‘पार्ट्स ऑफ स्पीच’ म्हटले की बिचकते. मी वर्गात सांगते, “बाळांनो, ही आपलीच नाम, सर्वनाम, क्रियापद मंडळी!” दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठी व्याकरण छापले, तेही इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर. म्हणून ओळख लवकर पटते.

फरक जागेचा. ‘मयेच्या तलावाजवळ’ म्हणताना आपले ‘जवळ’ नामाला मागून चिकटते. इंग्रजीतले ‘निअर’ नामाच्या आधी सुटे उभे राहते. शिवाय ‘वॉटर’ घागरीत असले की नाम, माडांना शिंपायचे म्हटले की क्रियापद!

तेव्हा मुलांनो, नुसती जात पाठ करू नका, वाक्यातले काम पाहा. पालकहो, मराठीची शिदोरी जड समजू नका. इंग्रजीच्या वाटेवर तीच सोडून खायची आहे.