रस्त्याचा ढाळ

आमच्या सरावलीकडं शेत म्हणजे भाताचं. खाचरात पाणी ठरायला हवं, म्हणून बाबा चिखलणीनंतर फळी फिरवून जमीन सपाट करत. रस्त्याचं नेमकं उलट. त्याच्यावर पाणी थांबलं की तो गेलाच. हे आम्हांला शिकवलं ग्रेडरनं.

तारापूर एमआयडीसी शेजारीच, त्यामुळं टँकर-ट्रेलर लहानपणापासून बघितलेले. पण पाड्याकडचा आमचा रस्ता मुरमाचा. मे महिन्यात मुरूम पडायचा, जेसीबी तो पसरून जायचा, आणि मृगाच्या चार सरी झाल्या की पुन्हा खड्डे. एका जुलैत आजी तापानं फणफणली. रिक्षावाला पाड्याच्या तोंडाशीच थांबला. चौघांनी तिला खुर्चीत बसवून पाण्यातून तिथवर नेलं.

पुढच्या उन्हाळ्यात ग्रेडर आला. लांबलचक, पिवळा. पुढं दोन चाकं, मागं चार, आणि पातं मधोमध, पोटाखाली. सगळी करामत इथंच. जेसीबीचं बकेट पुढं असतं; गाडी हिंदकळली की तेही वरखाली होतं. ग्रेडरचं पुढचं चाक उंचवट्यावर चढलं तरी मधलं पातं थोडंच उचलतं. म्हणून दर फेरीला उंचवटा कापला जातो, खड्डा भरत येतो. पातं तिरकं धरलं की माती कडेला ओळीनं पडत जाते. तीच माती गाडीला बाजूला रेटते, तेव्हा पुढची चाकं चक्क कलतात आणि तो रेटा पेलतात.

बाबा ऑपरेटरला म्हणाले, “भाऊ, मधी उंच राह्यलंय.”

तो हसला. “काका, ठेवलंयच तसं. पाणी दोन्हीकडं उतरायला नको?”

पावणेचार मीटर रुंदीत मध्य कडेपेक्षा सहा-सात सेंटिमीटर उंच. माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला दिसतं.

“पण उतरलेलं पाणी जायचं कुठं?” बाबांनी विचारलं. त्यावर ऑपरेटरकडं उत्तर नव्हतं. कडेला गटारच नव्हतं. रोलर फिरून गेला, आणि बाबांनी आपल्या बांधाची हातभर जमीन सोडून चर खणला. शेजारचे आधी कुरकुरले, मग त्यांनीही कुदळी काढल्या.

त्या पावसाळ्यात रिक्षा दारात आली. ग्रेडरचं काम एका दिवसाचं. चर मात्र दर मे महिन्यात उपसावा लागतो. तो तुंबला, तर त्या सहा सेंटिमीटरचा काही उपयोग नाही.