थोरला मुलगा

लूकाच्या पंधराव्या अध्यायांतील उधळ्या पुत्राची कथा आमच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ असते. परंतु तींतील एक बारकावा सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. धाकट्या मुलानें परदेशीं डुकरें चारतांना बापापुढें बोलावयाचें भाषण मनांत जुळविलें होतें व त्याच्या शेवटीं, आपणांस चाकर म्हणून ठेवावें, अशी विनंती होती. घरीं आल्यावर तो बोलूं लागला खरा, पण त्या विनंतीपर्यंत पोहोंचण्यापूर्वींच बापानें उत्तम झगा, अंगठी व जोडे आणण्याची आज्ञा केली. (पाठांतर अर्ध्यावर थांबविल्याचा इतका आनंद क्वचितच कोणास झाला असेल!)

आम्ही मंडळीचे लोक मात्र तें भाषण पुरतें ऐकल्यावांचून दार उघडीत नाहीं. हिंगोली जिल्ह्यांतील एका खेड्यांत आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. दारूपायीं त्यांनीं बायकामुलांस टाकलें, प्रार्थनेस येणें सोडलें व ते पुण्याकडे निघून गेले. सात वर्षांनीं ते परतले. आतां रविवारीं येतात, चपला काढून ठेवतात तेथें दाराशीं बसतात, आणि प्रभुभोजनाची वेळ आली कीं हळूच उठून बाहेर जातात. त्यांनीं सर्वांसमक्ष उभें राहून आपलें पाप बोलून दाखवावें, मग पाहूं, असें कांहीं वडीलधाऱ्यांचें मत पडलें. त्यांत तथ्य नाहीं असें नव्हे. पण त्या गृहस्थांस 'जेवलांत काय?' असें विचारणारा त्यांच्यांत एकही नव्हता.

याच जिल्ह्यांत औंढा नागनाथ आहे. तेथें नामदेवांस विसोबा खेचर हे गुरु भेटले, अशी वारकऱ्यांची कथा. हे विसोबा पूर्वीं ज्ञानदेवादि भावंडांचे हाडवैरी; मुक्ताबाईस मांडे भाजावयास खापरदेखील मिळूं नये अशी त्यांनीं तजवीज केली होती म्हणतात. पुढें त्यांस पश्चात्ताप झाला व त्यांनीं त्या भावंडांचें उष्टें उचलून खाल्लें. तेव्हां त्यांस कायमचें दूर लोटलें असतें, तर नामदेवांस हे गुरु कोठून मिळाले असते?

पौलाचेंही असेंच. पंफुलियांत साथ सोडून गेलेल्या मार्कास पुन्हां बरोबर घेण्याचें त्यानें साफ नाकारलें. परंतु पुढें तीमथ्यास लिहितांना तो त्याच मार्कास घेऊन येण्यास सांगतो. पंडिता रमाबाईंनीं (१८५८–१९२२) केडगांवच्या मुक्तिसदनांत, समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठीं जें घर काढलें, त्यास 'कृपासदन' हें नांव दिलें. नांवांतच सर्व आलें.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. मंडळीची क्षमा स्वस्त आहे. त्या गृहस्थांच्या पत्नीची स्वस्त नाहीं. सात वर्षें लोकांच्या हळदीच्या रानांत मोलमजुरी करून तिनें मुलें शिकविलीं. 'तूं ख्रिस्ती ना? मग क्षमा कर' असें तिला सांगावयास जे गेले, त्यांचें आम्हांस नवल वाटतें. दृष्टांतांतील बापानें धाकट्यास मेजवानी दिली, पण थोरल्याच्या वांट्यास हात लावला नाहीं. तो रागानें बाहेर उभा राहिला तेव्हां, आपलें जें कांहीं आहे तें सर्व त्याचेंच, असें त्यास सांगितलें. त्या बाईनें नवऱ्यास ओसरीवर जागा दिली आहे; दोन वेळां वाढते; मजुरीचे पैसे मात्र स्वतःजवळ ठेवते. तिचा हा निवाडा आम्हांस वडीलधाऱ्यांच्या निवाड्याहून पवित्र शास्त्रास अधिक धरून दिसतो.

थोरला मुलगा शेवटीं आंत गेला कीं नाहीं, हें लूक सांगत नाहीं. प्रभुभोजनाविषयीं आमची मंडळी येत्या महिन्याच्या सभेंत विचार करणार आहे.