टाकी मोठी, नळ तोच!

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा पडवीपासून न्हाणीघरापर्यंतच्या पायऱ्यांवर चार सोलर दिवे खोचून आलो. बाबांना मोतीबिंदूमुळे अंधारात नीट दिसत नाही, आणि पहाटे चारला उठायची सवय काही सुटत नाही. झालं, इंजिनिअर मुलाने प्रश्न सोडवला!

संक्रांतीच्या आसपास आईचा फोन. "अरे, तुझे दिवे आमच्याआधी झोपतात."

मी म्हटलं, आतले सेल फालतू असणार. ६०० एमएएचचे होते. पुण्याहून चांगले २५०० एमएएचचे पेन्सिल सेल घेतले, चार्जरवर फुल्ल केले आणि पाठवून दिले. पाच-सहा रात्री दिवे मस्त चालले. मग परत अंधार. आणि एका पहाटे बाबा शेवटच्या पायरीवरून घसरले. पाय मुरगळला, एवढ्यावर निभावलं. शुक्रवारी रात्रीची एसटी पकडली.

सकाळी बघतो तर आई एकेका दिव्याचं बटण बंद करतेय. "दिवसा कशाला जाळायचे?" या दिव्यांत बटण बंद केलं की पॅनेल आणि सेलचा संबंधच तुटतो, चार्जिंग शून्य. हे मी तिला सांगितलंच नव्हतं. त्यात दोन दिवे फणसाच्या सावलीत. तेही मीच खोचलेले.

मग मल्टिमीटर लावला. भर उन्हात पॅनेल देतं ६० मिलिअँपिअर. पाच तास चांगलं ऊन धरलं तर दिवसाला ३०० एमएएच, त्यातही थोडी गळती. म्हणजे रात्रीला मिळणार तेवढंच, सेल ६०० चा असो की २५०० चा! हा हिशोब पुण्यात बसूनही करता आला असता. असो.

एका दिव्यात बाबांनी बाजारातले साधे सेल घातले होते. ते ताबडतोब काढले. साधे सेल चार्ज व्हायला लागले की गळतात आणि दिव्याचे पत्रे खातात. सोलर दिव्यात १.२ व्होल्टचे निकेल मेटल हायड्राइडवालेच हवेत, ६०० ते ८०० एमएएच पुरे. दिव्यातले जुने ६०० वाले आईने डब्यात जपून ठेवले होतेच (आई काही टाकत नाही). तेच रात्रभर चार्जरवर ठेवले, दिवे उन्हात हलवले, बटणांवर चिकटपट्टी लावली.

सोमवारी पहाटे चारला मुद्दाम उठून पडवीत बसलो. चारही दिवे चालू. बाबा लंगडत आले, पायऱ्या उतरले. हातात टॉर्च होताच.

"सवय रे," म्हणाले.