नळाचें बेट

आमच्या देवघराच्या कोनाड्यांत एक पितळी कलमदान आहे आणि त्यांत तीन बोरू आहेत. ते थोरल्या काकांच्या हातचे. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या नातवानें त्यांतला एक काढून विचारलें, "हें कशाचें?" आम्ही "नळाचें" असें सांगतांच तो स्वयंपाकघरांतल्या तोटीकडे पाहूं लागला! मुलाचा दोष नाहीं. तोटीला हें नांव ज्या पोकळ गवतावरून मिळालें, तें गवत त्यानें कधीं पाहिलेलेंच नव्हतें. आणि आमच्या गांवच्या ओढ्याकांठीं नेऊन तें त्याला दाखवितां येत नव्हतें, याला कारण आम्ही स्वतः आहों. ती हकीकत सांगण्यापूर्वीं या वनस्पतीची थोडी ओळख करून दिली पाहिजे.

नळ हा गवताच्याच कुळांतला. ज्वारी, ऊंस आणि बांबू यांचा भाऊबंद. कांडी पोकळ व पेरापेराची, उंची दोन पुरुषांएवढी सहज, आणि शेंड्यावर मऊ तुरा. पुष्कळ लोक त्याची पाणकणसाशीं गल्लत करितात. पण ज्याच्या टोकाला तपकिरी दंडगोल कणीस असतें तें पाणकणीस, तें घराणेंच निराळें. आपल्याकडील नळास शास्त्रज्ञ फ्रॅग्मायटिस कार्का म्हणतात. त्याचा सख्खा भाऊ फ्रॅग्मायटिस ऑस्ट्रॅलिस हा तर अंटार्क्टिका वगळून साऱ्या खंडांत पसरला आहे. नदीचा कांठ, तळ्याची उथळ कड, दलदल, खाडीकडचें मचूळ पाणी, यांपैकीं कोठेंही त्याला संसार थाटतां येतो.

अशा पाणथळ जागीं वनस्पती जणूं पंक्तीनें बसतात. खोल पाण्यांत बुडून राहणारें शेवाळ. अलीकडे कमळें आणि कुमुदें. गुडघाभर, कमरभर पाण्यांत नळ व पाणकणीस. मागें ओल्या चिखलांत लव्हाळे आणि मोथा. कोरड्यावर करंज, जांभूळ, उंबर. नळाच्या स्वतःच्या पंक्तींत मात्र दुसऱ्यास पाट मिळणें कठीण. त्याची सावली आणि खालचा पाचोळा परक्याचें बीं रुजूं देत नाहीं. तो स्वतःही बियांपेक्षां चिखलांतल्या आडव्या खोडांनींच अधिक वाढतो, म्हणून एका खोडापासून हळूहळू मोठें बेट होतें.

आतां एक शंका येते. त्या चिखलांत हवा नसते. मग हीं खोडें श्वास घेतात कशीं? हिरव्या कांड्यांच्या पोकळींतून हवा खालीं उतरते आणि गतसालच्या वाळलेल्या, मोडक्या कांड्यांतून पुन्हां बाहेर पडते. म्हणजे आपण ज्यांना कचरा समजतों ते खुंट घरच्या जिवंत मंडळींच्या कामीं येत असतात. सर्वच कांड्या छाटून वर पाणी चढलें, तर खालचीं खोडें गुदमरून कुजतात. हें आम्ही फार पुढें वाचलें.

१९६९ सालीं आम्ही नुकतेच पदवीधर झालों होतों आणि ओढ्याकांठीं भाजीचा मळा करावा असें आमच्या मनानें घेतलें. मध्यें नळाचें बेट होतें. काका एवढेंच म्हणाले, "कापायचें तर पाणी उतरल्यावर काप. आतां नको." ते स्वतः दिवाळीनंतर पिकल्या कांड्या निवडून नेत. आम्हांस त्यांत जुन्या माणसाचा हट्ट दिसला. मृगाच्या तोंडावर गड्यांकडून सारें बेट जमिनीसरसें करविलें. पुढें नदीची फुग ओढ्यांत शिरली ती बरेच दिवस हटली नाहीं. दुसऱ्या वर्षीं चार पिवळट कोंब वर आले. तिसऱ्या वर्षीं तेही नाहींत. मुळांनीं धरलेला कांठ सुटला आणि एका पुरांत आमच्या मळ्यासकट ढांसळला. काका एक अक्षर बोलले नाहींत. त्या दिवाळीस त्यांनीं बाजारांतून टांक मागविला आणि हातांत होते ते तीन बोरू कलमदानांत उभे करून ठेविले.

२०१८ सालीं मुलाची नोकरी इंफाळला असल्यामुळें आम्हांस लोकटक सरोवर पाहण्याचा योग आला. तेथें नळाला जमीनसुद्धां लागत नाहीं. कुजलेल्या वनस्पती, मुळें आणि माती यांचे जाड थर पाण्यावर तरंगतात. त्यांना फुमदी म्हणतात. थराचा सुमारें पांचवा हिस्सा वर आणि बाकीचा पाण्यांत. त्यावर नळ आणि कंबोंग नांवाचें रानभाताच्या जातीचें गवत. त्याचे फुगलेले कोंब तेथील लोक आवडीनें खातात. कैबुल लामजाओचें सुमारें ४० चौरस किलोमीटरांचें राष्ट्रीय उद्यान १९७७ सालीं झालें, तें अशाच तरंगत्या थरांवर. संगाई हरिणाचें तेंच एक घर. १९५१ सालीं हें हरिण नामशेष झालें असें ठरलें होतें. १९५३ सालीं तें पुन्हां दिसलें. १९७५ च्या गणतींत अवघीं १४ भरलीं, आणि २०१६ सालीं २६०.

पूर्वीं उन्हाळ्यांत सरोवर उतरे, थर तळाशीं टेकत, मुळें चिखलांतून पोषण घेत आणि पावसाबरोबर सारें पुन्हां वर येई. १९८३ पासून इथाईच्या बंधाऱ्यानें विजेसाठीं पाणी बारमाही चढतें ठेविलें आहे. थरांना तळ मिळेनासा झाला. ते पातळ होऊं लागले. पातळ थर हरिणाचा भार सोसत नाहीं. नावाड्यानें वल्ह्यानें एक कड दाबून दाखविली. ती ओल्या घोंगडीसारखी खालीं गेली. आम्हांस एकदम काकांचे शब्द आठवले, आणि इतक्या वर्षांनीं त्या होडींत आम्ही ओशाळलों.

नातवाच्या प्रश्नानंतर वरच्या अंगाच्या एका गांवाहून नळाचीं चार खोडें आणविलीं आणि ढांसळल्या कांठाशीं लाविलीं. चुलतभावाचा परवां फोन आला. तिघांचे कोंब पाण्याबाहेर हातभर आले आहेत, चौथ्याचा अद्याप पत्ता नाहीं.