तांबड्या शाईचा वारसा

दोन दशके मी उत्तरपत्रिका तपासतो आहे. ‘पानी’, ‘कोनी’ दिसले की तांबडी शाई आपोआप ‘न’चा ‘ण’ करते. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, आमच्या घरी सगळे ‘पानी’च म्हणतात. मग ते चूक कधीपासून झालं?” मी व्याकरणाचे उत्तर दिले, प्रश्न मात्र इतिहासाचा होता.

साम्राज्यवाद आणि भाषा यांचा विचार करताना आपण इंग्रजीच्या आक्रमणापाशी थांबतो. मराठी ही त्यात केवळ बळी ठरते. वस्तुतः आपण जिला ‘शुद्ध मराठी’ म्हणतो, तिची घडणही त्याच सत्तेच्या छायेत झाली. ‘न’ आणि ‘ण’ यांतला भेद जुनाच. परंतु कंपनी सरकारला कारभारासाठी, शाळांसाठी आणि छापखान्यासाठी एकच निश्चित मराठी हवी होती. मोल्सवर्थचा कोश 1831 मध्ये निघाला, विस्तारित आवृत्ती 1857 मध्ये. त्यामागे ब्राह्मण पंडितांचे श्रम होते. क्रमिक पुस्तकांची भाषा मेजर कँडींच्या नजरेखालून जात असे. अशा रीतीने एका वर्गाची बोली परीक्षेची, आणि म्हणून नोकरीचीही, भाषा झाली.

हे मानदंड केवळ परक्यांनी वापरले नाहीत. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ 1873 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील युक्तिवादाला उत्तर देण्याबरोबरच विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांच्या भाषेची, व्याकरणाची टर उडवली. परकीय सत्तेचे कडवे टीकाकार असलेल्या शास्त्रीबोवांना तिच्या आश्रयाने स्थिरावलेल्या प्रमाणभाषेचे शस्त्र मात्र परके वाटले नाही.

आज मोल्सवर्थ शिकागो विद्यापीठाच्या संगणकावरून माझ्या विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीवर उतरतो. जागतिकीकरणाने कोश सर्वांच्या हाती दिला, हे खरेच. पण कोशापर्यंतची वाट रुंद झाली म्हणून कोशातील उतरंड मोडत नाही.

प्रमाणभाषा टाकून द्यावी, असे मी म्हणत नाही. तिच्यावाचून हा लेखही लिहिता आला नसता. मात्र तिला निसर्गदत्त मानणे हा वसाहतवादाचा आपण स्वखुशीने जपलेला अवशेष आहे. यंदा उत्तरपत्रिकेत ‘पानी’ आले, तेव्हा मी शब्दाखाली रेघ ओढली नाही. समासात ‘प्रमाण रूप : पाणी’ एवढेच लिहिले. गुण कापले नाहीत. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे हे पुरेसे उत्तर नाही, याची मला जाणीव आहे.